अप्पांची खाट आणि एकवीस किलोमीटरवरची रोलर कोस्टर

आधीच सांगून टाकतो – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो, पण वाचताना माझ्या तोंडावर जे हसू असतं ते बघून बायको म्हणते, "एवढं हसायचं तर वाचता कशाला?" मी एका ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सत्तावीस वर्षं असिस्टंट आहे. शिक्षक नव्हे, असिस्टंट. म्हणजे लोलकाला दोरा बांधून देणारा, स्टॉपवॉचचे सेल बदलणारा, आणि पोरांनी आधी उत्तर लिहून मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज तयार केली की लांबूनच ओळखणारा. घरात मात्र माझा दर्जा शास्त्रज्ञाचा आहे. निदान माझी तशी समजूत आहे. त्यामुळे पुढचं लिहिताना मला किती जड जातंय हे तुम्हीच समजून घ्या...

घर सोलापुरात, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या थोडं अलीकडे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड करून एक व्हरांडा. महिना मे. वेळ दुपारची, म्हणजे ज्या वेळी सोलापुरात कुत्रीसुद्धा जागची हलत नाहीत ती.

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी. मेकॅनिकल इंजिनियर. अक्कलकोटच्या अलीकडे नवीन थीम पार्क उभं राहत होतं, तिथे तिला नोकरी लागून अकरा महिने झाले होते. घरापासून बरोबर एकवीस किलोमीटर – मी स्कूटरवर मोजलंय. त्या पार्कातली रोलर कोस्टर रस्त्यावरून दिसायची. लाल रंगाचे रूळ आभाळात चढून पिळे खात खाली येतात, आणि इकडे रस्त्याच्या कडेला बाईकवाल्यांची रांग, माना वर. टपरीवर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे वरून तुळजापूर दिसतं. कुणी म्हणे वेग एवढा की चपला मागे राहतात आणि माणूस पुढे जातो. तिकीट कितीला असेल, पहिल्या दिवशी कोण बसणार, कुणाची बायको सोडणार नाही... सगळं गाव वाट बघत होतं.

मी सोडून. गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात एकदाच बसलो होतो, लग्न ठरल्यावर, होणाऱ्या बायकोवर छाप पाडायला. पाळणा वर थांबल्यावर मी जे काही केलं ते तिने आजतागायत माहेरच्या प्रत्येक कार्यात सांगितलंय. इथे सांगत नाही.

तर त्या महिन्यात कोस्टरची टेस्टिंग चालू होती. माणसं बसवायच्या आधी प्रत्येक सीटवर मोजून भरलेलं वाळूचं पोतं ठेवतात, त्यावर लोखंडी दांडा अडकवतात, आणि गाडी फिरवतात. पुन्हा पुन्हा. अशूचं काम म्हणजे फेऱ्यांची नोंद ठेवायची, गाडीवरच्या यंत्रांनी टिपलेले धक्के लॅपटॉपवर तपासायचे, आणि शेवटी "ही राइड माणसांसाठी सुरक्षित आहे" या कागदावर सही करायची. तिची सही पहिली, मग तिच्या चीफ साहेबांची.

आता अप्पा. माझे वडील, वय ब्याऐंशी. मूळचे मैंदर्गीचे, सगळा जन्म सोलापुरात यंत्रमागावर जॉबर म्हणून गेला. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग अडला, धोटा उडाला, कापडात पट्टा पडायला लागला की अप्पांना हाक. अप्पा आधी काही उघडायचे नाहीत. मागाच्या लोखंडावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि बाकीचे चाळीस माग धडधडत असताना सांगायचे – ह्याचा अमुक बोल्ट, त्याचा तमुक पट्टा. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा बघितलंय. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर धरून चार पावलं, आणि बाकी वेळ व्हरांड्यातल्या लोखंडी खाटेवर. दुपारी जेवून कुशीवर झोपायचे. एक हात उशाखाली, दुसऱ्याचा तळवा खाटेच्या अँगलवर. सवयच ती.

पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. चारच्या सुमारास अप्पा जागे झाले आणि म्हणाले,

"आज सा झाल्या की."

"काय सहा?"

"फेऱ्या."

"कसल्या फेऱ्या, अप्पा?"

"त्ये मला काय म्हाईत? चडतंय, चडतंय, चडतंय... आन् मग पोटात गोळा. सा बार. लई दमलो बाबा. पानी दे."

मी म्हटलं, अपचन. आतून महानंदा – म्हणजे आमची ही – म्हणाली, "तरी सांगत होते, दुपारी शेंगदाण्याची चटणी एवढी नका वाढू त्यांना." विषय संपला.

संध्याकाळी अशू आली. धुळीने लाल झालेली, पण खूश. "पप्पा, आज पहिल्यांदा पोती घालून गाडी फिरवली. सहा रन!"

मी ताक पीत होतो. ठसका लागला. पण योगायोग नावाची गोष्ट असते, आणि ती शिकवायला मला पगार मिळतो. (असिस्टंटचा का होईना.)

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले नऊ. अशू म्हणाली नऊ. तिसऱ्या दिवशी चार. चार. मग मी लॅबची जुनी वही काढली, दोन रकाने आखले – एकात अप्पा, एकात अशू – आणि उन्हाळ्याची सुट्टी सत्कारणी लावली.

पहिला संशय मोबाईलवर. अशू आईला फोनवर सांगत असणार, ही बोलताना अप्पा ऐकत असणार. म्हणून एके दुपारी मी बायकोचा फोन कपाटात कुलूपबंद केला. त्यावरून घरात जे झालं त्याचा विज्ञानाशी संबंध नाही, ते सोडून देतो. अप्पांचा आकडा बरोबर आला. दुसरा संशय – जमिनीतून येणारी कंपनं. जुन्या स्लिपरा कापून खाटेच्या चारी पायांखाली रबर घातलं. आकडा बरोबर. मग अप्पांना आतल्या लाकडी दिवाणावर झोपवलं. उठल्यावर म्हणाले, "आज कामाला सुट्टी हाय काय?" त्या दिवशी सात फेऱ्या झाल्या होत्या! परत खाटेवर आणलं – परत बरोबर.

मग म्हटलं, खाटेतच काही असेल. एक दिवस अप्पांना खुर्चीत बसवून मी स्वतः खाटेवर आडवा झालो, तळहात अँगलवर, डोळे मिटून, पूर्ण एकाग्र. माझी मोजणी शून्य. बायकोच्या म्हणण्यानुसार माझं घोरणं समोरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं.

शेवटी अशूला सांगावंच लागलं. ती पोट धरून हसली. "पप्पा, सुट्टी लागली की तुम्हाला काहीतरी होतंच. गेल्या मेमध्ये तुम्ही मुंग्यांना खडूने रेघा मारून देत होता."

"तू एक कर," मी म्हटलं. "उद्याचा आकडा कुणाला सांगू नको. कागदावर लिही, पाकिटात घाल, चिकटव, घरी घेऊन ये. आधी तुझे अज्जा सांगतील, मग पाकीट फोडायचं."

दुसऱ्या संध्याकाळी खाटेभोवती आम्ही तिघं उभे. अप्पा चहात खारी बुडवत होते.

"अज्जा, आज किती?" अशूने आजोबांना विचारलं.

"सात," अप्पा म्हणाले. खारी खाल्ली. "आन् एक हलकी."

"हलकी म्हणजे?"

"हलकी म्हंजे हलकी. रिकामी. काय भरलेलंच न्हवतं तीत."

मी पाकीट फोडलं. अशूच्या अक्षरात होतं – ७ + १ (पोती न घालता).

अशू हसली नाही. ती खाटेच्या कडेवर बसली आणि अज्जांच्या हाताकडे बघत राहिली. महानंदाने आत जाऊन देवापुढे दिवा लावला. मी रबराचे तुकडे पुन्हा तपासले, कारण मला दुसरं काही सुचेना.

इथवर सगळी गंमतच होती. खरी गोष्ट त्यानंतरच्या मंगळवारची. अप्पा झोपेतून दचकून उठले. चहा नको म्हणाले. अशू येईपर्यंत तीनदा विचारलं, "पोरगी आली का?" ती आली तशी बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"अशू, हितं बस. तुज्या त्या गाडीत ठोका हाय."

"कसला ठोका, अज्जा?"

"तिसऱ्या वळनावर. डाव्या अंगाला. परवा बारीक हुता, आज मोठा झालाय."

"सगळे बोल्ट दोनदा तपासलेत आम्ही. पाना लावून."

"बोल्ट घट्टच हायत. मी कुटं ढिले म्हटलो? वरचं समदं घट्ट हाय. पाय लंगडा हाय. चार पायांतला एक पाय जमिनीवर नीट टेकलेला नसला की माग नाचतो, तसं."

अशूने लॅपटॉप उघडला आणि मला बोलावलं. पडद्यावर रेघा वरखाली जात होत्या. तिने बोट ठेवलं. तिसऱ्या वळणाशी एक लहानसा उंचवटा, तांदळाच्या दाण्याएवढा. "हे मी साहेबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, यंत्राची खरखर आहे, सोडून दे. पप्पा, मी हे घरात कुणालाच बोललेली नाही."

नव्हतीच बोलली. मला तरी कुठे माहीत होतं?

शुक्रवारी सहीचा दिवस. रविवारी उद्घाटन, पाहुण्यांना पत्रिका गेलेल्या, रस्त्यावर कमानी लागलेल्या. महानंदाने ताटं वाढली, पण कुणी बसेना.

"सही नाही केलीस तर काय होईल?" तिने विचारलं.

"साहेब चिडतील. कदाचित काढून टाकतील. दुसऱ्या कुणाकडून तरी घेतील."

"आणि केलीस तर?"

अशू म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी शाळेतली पोरं बसवणार आहेत."

आता प्रश्न एवढाच होता की साहेबांना सांगायचं काय? आमचे आजोबा खाटेवर झोपतात आणि त्यांना कळतं? मी शास्त्रज्ञ म्हणून दोन-तीन सूचना केल्या. त्या ऐकल्यासारखं करून दोघी अप्पांकडे वळल्या.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "रिकाम्या गाडीत बगू नको. रिकामा माग कवाच नाचत न्हाय. भरल्या गाडीत बग. त्या वळनाखाली जेवढे खांब हायत तेवढ्या वाट्या घे. काठोकाठ पानी भर. खांबाच्या पायाच्या पत्र्यावर एकेक ठिव. आमी मागाला असंच बगायचो. पानी थरथरलं तर थरथरू दे, त्ये चालतंय. सांडलं तर तो पाय लंगडा."

बुधवारी अशूने पार्कच्या कँटीनमधून चार स्टीलच्या वाट्या उचलल्या. खांबाच्या पायथ्याशी ठेवून, मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि लांब जाऊन उभी राहिली. चीफ साहेबांनी बघितलं. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "मॅडम, हे काय, जेवायला वाढताय का?" लोक हसले. अशूने गाडी सोडायला सांगितली.

तो व्हिडिओ मी पाहिलाय. तीन वाट्यांत गाडी गेली की पाण्यावर बारीक वर्तुळं उमटतात, बस. चौथी वाटी टण्णकन उडते आणि आडवी होते.

साहेब म्हणाले, वाटीचं बूड वाकडं असेल. अशूने वाट्या बदलल्या, जागा बदलल्या. त्या एका खांबावर कुठलीही वाटी ठेवा – पाणी सांडायचंच. साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, उद्घाटन होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, "सर, मग सही पण उद्घाटनानंतरच करते." दोन दिवस तिच्याशी तिथे कुणी धड बोललं नाही. घरी येऊन ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. महानंदाने गुपचूप दुसऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापून ठेवल्या. शुक्रवारी तो कागद सहीवाचून तसाच टेबलावर राहिला, आणि शेवटी साहेबांनी, बहुधा तिला खोटं पाडायलाच, खांबाच्या पायाशी खणायला लावलं.

पायाच्या काँक्रीटचा एक कोपरा चक्क अधांतरी होता. खालची काळी माती उन्हाने आकसून फाटली होती. आत हात जाईल एवढी पोकळी. साहेबांनी स्वतः हात घालून बघितला म्हणे, आणि बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. उद्घाटन पुढे गेलं. तिन्ही वळणांखालचे पाये उकरून पुन्हा भरले. पोती घालून पुन्हा फेऱ्या झाल्या. वाट्या ठेवूनच, आणि त्या वाट्या आता साहेब स्वतः भरायचे.

अप्पा म्हणाले, "आता गप हाय."

मग पहिल्यांदा माणसं बसवायचा दिवस ठरला. पहिल्या सीटवर कोण, यावर अशू म्हणाली, "सही माझी, तर सीटपण माझी." महानंदा बघायला गेली. मी घरी थांबलो – अप्पांजवळ कुणीतरी हवं ना. महानंदा रिक्षात बसताना ज्या नजरेने माझ्याकडे बघून गेली तीत अख्खा आकाशपाळणा होता.

सकाळचे अकरा. अप्पा झोपले नव्हते. पाठीवर पडून, डोळे उघडे, तळवा अँगलवर.

"बसली," म्हणाले.

थोड्या वेळाने, "चडतीय."

मी घड्याळ बघत होतो. वर जायला किती सेकंद लागतात ते मला अशूच्या बोलण्यातून पाठ झालं होतं. तेवढे झाले. त्याच्या दुप्पट झाले.

"थांबली," अप्पा म्हणाले.

"थांबली म्हणजे? कुठे थांबली?"

"वर."

महानंदाला फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाही. पुन्हा. पुन्हा. अशूचा फोन तर खाली लॉकरमध्ये असणार. अप्पांनी तळवा सरळ ठेवला होता, आता त्यांनी तो अँगल मुठीत धरला. बोटांची पेरं पांढरी पडली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आत्ता नगं. हात सोडायचा न्हाय."

"अप्पा, ती... बरी आहे ना?"

"भ्यालीय. पन बसलीय नीट." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बी धर."

आता तुम्ही म्हणाल, सत्तावीस वर्षं लोलक मोजणारा माणूस. मला माहीत आहे. सोलापुरातल्या एका खाटेचा अँगल धरल्याने एकवीस किलोमीटरवर काहीही होत नाही, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. मी जमिनीवर बसलो आणि दोन्ही हातांनी तो अँगल धरला. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. एवढंच जाणवलं. ना चढण, ना पोटात गोळा, काही नाही. अकरा मिनिटं. हात भाजत होते, तरी मी काढले नाहीत.

"गेली," अप्पा म्हणाले. मग त्यांचं डोकं उशीवर एका अंगाला कललं, दुसऱ्या अंगाला कललं. "तिसरं वळन... गप." आणि मूठ सुटली. "आली खाली. आता च्या टाक."

दूध गॅसवर ठेवतोय तोच फोन वाजला. महानंदा हसत होती की रडत होती कळेना. "अहो, वरच अडकली होती! ऐन टोकावर लाइट गेली! जनरेटर चालू होईना... आली, आली खाली, बरी आहे!"

आता स्पष्टीकरण. आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, रीडिंग्ज आधी लिहिलीस की नंतर? म्हणजे जे मी पोरांना विचारतो तेच. जमिनीतून कंपनं म्हणावीत तर आमच्या घरामागून रेल्वे जाते, ती अप्पांना कळत नाही. अशू बोलून गेली असेल म्हणावं तर ती हलकी फेरी, आणि लाइट गेल्याची ती अकरा मिनिटं? पार्क सुरू झालं. रोज शेकडो लोक किंचाळत फिरतात, आणि अप्पांना त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. विचारलं तर वैतागतात – "मला काय म्हाईत? जा, जाऊन बगून ये." वही माझ्याकडे आहे. अप्पा खाटेवर नव्हते ते दोन दिवस सोडले तर दोन्ही रकाने शेवटपर्यंत जुळतात. शेजारी नंतर आखलेला कारणाचा रकाना कोरा आहे, आणि तो कशाने भरायचा हे मला अजून सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी अशू घरी आली, अज्जांच्या पायाशी बसली. म्हणाली, "वर थांबले होते ना, तेव्हा आधी खूप भीती वाटली. मग मध्येच कधीतरी एकदम वाटलं की गाडी खालून कुणीतरी घट्ट धरलीय. का वाटलं, काय माहीत." आणि माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही काय करत होता त्या वेळी?"

मी तळहात पाठीमागे घेतले.

"मी? पेपर वाचत होतो," मी म्हटलं.